खिळ्यावरचं कडं

इंदिरा नगर, लखनौ
६ डिसेंबर १९९७

प्रिय दीप्ती,

अनेक आशीर्वाद. तुला पुण्याला मामाकडे जाऊन सोळा दिवस झाले. या सोळा दिवसांत तू तीनदा फोन केलास, तिन्ही वेळा आईच्या गुडघ्यांची चौकशी केलीस, आणि फोन माझ्या हातात आला की बूथवाल्याचा आकडा पळतोय म्हणून ठेवून दिलास. मी चौतीस वर्षं रेल्वेत सिग्नलचं काम केलं आहे. समोरचा सिग्नल लाल आहे की पिवळा, एवढं मला अजून दिसतं. म्हणून फोनचा नाद सोडून कागद घेऊन बसलो आहे. कागदावर लिहिणाऱ्याला मध्येच तोडता येत नाही.

हे पत्र लांबणार आहे. तुझं वाचून झालं की मामाला दे, आणि मामीलाही वाचून दाखव. त्या दोघांना तुझ्या कामातलं काही ठाऊक नाही, म्हणून तुला तोंडपाठ असलेल्या गोष्टीही मी पहिल्यापासून लिहिणार आहे. कॉम्प्युटरच्या बाबतीत माझं कुठे चुकलं तर लाल पेनानं खूण कर. तशीही तुला ती सवय आहेच.

आई बरी आहे. अलाहाबादचे पेरू आले आहेत आणि ती सवयीनं तुझ्या वाटणीचेही आणते. ते मी खातो आणि मग ओवा चघळत बसतो. सकाळी धुकं इतकं असतं की दूधवाला दिसायच्या आधी ऐकू येतो. गेल्या रविवारी महाराष्ट्र समाजात भजन होतं. सुहासिनीकाकूंनी आईला विचारलं, दीप्तीची नोकरी गेली म्हणे. आणि मग स्वतःच उत्तर देऊन टाकलं, की मुलीच्या जातीनं साहेबलोकांसमोर जरा गप्प राहिलं तर काही बिघडत नाही. आई काय म्हणाली ते तिनं मला सांगितलं नाही. पण प्रसादाचा शिरा न घेताच ती घरी आली, आणि शिरा सोडणाऱ्यांतली ती नव्हे.

तर आता मामासाठी. तू जिथे होतीस त्या चिनहटच्या कारखान्यात चौदा माणसं मिळून एक पेटी बनवतात. ही पेटी आगगाडीची चाकं मोजते. दोन स्टेशनांमधल्या लाइनीच्या दोन्ही टोकांना रुळाला एकेक सेन्सर बसवायचा. जेवढी चाकं आत गेली तेवढीच बाहेर पडली की पेटी म्हणते, लाइन मोकळी आहे, पुढची गाडी सोडा. एक जरी चाक कमी भरलं तरी तिनं तसं म्हणायचं नाही, कारण एखादी वॅगन मागे सुटून उभी असू शकते. या मोजणीचा प्रोग्रॅम पाच जण तुकड्या-तुकड्यांनी लिहितात, मग तो एका चिपमध्ये भरून चिप पेटीत बसवतात. तुझं काम लिहिण्याचं नव्हतं, तपासण्याचं होतं. मला आधी ते कमीपणाचं वाटलं होतं, हे आज कबूल करतो. एवढी एम.सी.ए. झालेली पोरगी दुसऱ्यांच्या चुका काढत बसते, असं मी आईजवळ बोललो होतो. ते तुझ्या कानावर गेलं असणार, कारण पुढच्याच आठवड्यात तू मला टेम्पोत घालून चिनहटला नेलंस आणि तुझ्या मशीनसमोर स्टुलावर बसवलंस.

दुपारी सगळ्यांनी डबे उघडले आणि ते मशीन आपण होऊन कामाला लागलं. पाचही जणांचे प्रोग्रॅम जिथे जमा होतात त्या सामायिक कोठारातून (तुम्ही त्याला सोर्स कंट्रोल म्हणता, मी कोठारच म्हणणार) त्यानं एकेक तुकडा उचलला, जोडला, आणि त्यावरून दोनशे बारा गाड्या सोडल्या. खऱ्या नव्हेत, टेपवर घेतलेल्या चाकांच्या नोंदी. लोकांच्या पोळ्या संपायच्या आत कडेला भोकं असलेल्या कागदावर यादी छापून तयार. कुठली गाडी बरोबर मोजली, कुठली चुकली, आणि सगळ्यात वर त्या जोडणीचा नंबर, नवं काम कोठारात आलं की एकानं वाढणारा. कुणी बघत नसताना एक मशीन शिस्तीत दोनशे बारा गाड्या मोजतं, आणि हे माझ्या मुलीनं बसवलेलं आहे. परतताना टेम्पोत मी डोळे मिटून बसलो. तुला वाटलं मला डुलकी लागली. मी त्या गाड्या मनात पुन्हा मोजत होतो.

त्या दोनशे बारांतल्या एकशे सदतिसाव्या गाडीवर मात्र माझा हक्क आहे. आठवतं, आलमबागच्या यार्डात आपण तीन सकाळी नोंदी घेत होतो, तू मफलर गुंडाळून टेप सांभाळत होतीस आणि मी ड्रायव्हरला सांगत होतो की शेवटची वॅगन बाहेरच्या सेन्सरवर आणून थांबव आणि मग हातभर मागे येऊ दे. तो म्हणाला, साहब, ऐसा कौन करता है. मी म्हणालो, भैया, जानबूझ के कोई नहीं करता. चाक सेन्सरवर येतं, थबकतं, मागे सरकतं. पेटीला वाटतं बाहेर गेलं, आणि ते असतं आतच. हे मी यार्डात इतक्यांदा पाहिलं आहे की मोजदाद नाही. तू ती नोंद घेतलीस आणि यादीत तिचं नाव ‘बाबा’ असं ठेवलंस. मी वरवर रागावलो आणि दुसऱ्या दिवशी समाजात सहा जणांना सांगून आलो.

अडचण मशीनची नव्हती, माणसांची होती. कोठारातून एकानं तुकडा बाहेर काढला की तो परत ठेवेपर्यंत बाकीच्यांना कुलूप. गेल्या वर्षी छठपूजेच्या सणाला तुमच्या पाचांतली लतिका एक तुकडा आपल्या नावावर काढून ठेवून बलियाला आपल्या गावी गेली, ती आठ दिवस आलीच नाही. बाकीच्यांनी एक दिवस वाट पाहिली, मग जुनी प्रत आपापल्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतली आणि काम सुरू केलं. ती परत आली तेव्हा एकाच तुकड्याचे चार अवतार झाले होते. मशीन बिचारं इमानदारीनं कोठारातला जुना तपासत होतं, रोज सगळं पास म्हणून छापत होतं, आणि पेटीत चिप बसत होती ती कुणाच्या तरी स्वतःच्या कॉम्प्युटरवरून भरलेली. तू त्या दिवशी तोंड पाडून घरी आलीस. ताटावर बसून म्हणालीस, बाबा, मी आठ दिवस अशा वस्तूला पास करतेय जी पेटीत नाहीच. आणि मी हसलो. तू चिडलीस, पण मला हसू आलं ते वेगळ्याच कारणानं. ही चूक मी माझ्या पहिल्या पोस्टिंगपासून ओळखतो. टोकन पुढे गेलं होतं.

मामा गाडीत बसून झोपतो, त्याला हे कुठून माहीत असणार. एकेरी लाइनीवर दोन स्टेशनांच्या मध्ये एका वेळी एकच गाडी असावी म्हणून स्टेशनमास्तर ड्रायव्हरला एक पोलादी गोळा देतो, तेच टोकन. तो ज्याच्याजवळ, लाइन त्याची. गोळा चामड्याच्या पिशवीत, पिशवी वेताच्या मोठ्या कड्याला बांधलेली, म्हणजे चालत्या इंजिनातून हात घालून ते कडं घेता-देता येतं. पुढच्या स्टेशनावर गोळा यंत्रात परत गेला की मगच दुसरी गाडी सुटते. आता एखादा ड्रायव्हर द्यायला विसरला आणि कडं तसंच पुढे घेऊन गेला, तर मागची लाइन रिकामी असूनही बंद. दोन्हीकडचे लोक खोळंबतात, वैतागतात आणि काहीतरी आडवाट काढायला बघतात. अपघात होतात ते त्या आडवाटेवर.

तू नऊ वर्षांची असताना हे प्रत्यक्ष पाहिलं आहेस. बाराबंकीच्या पुढच्या एका लहान स्टेशनावर मी तुला सुट्टीत घेऊन गेलो होतो आणि नेमकं त्याच दिवशी एकानं टोकन पुढे नेलं. दोन गाड्या उभ्या, लोक खाली उतरून ऊस खात बसलेले, आणि दोन तासांनी एक गँगमन सायकलला कडं अडकवून घामाघूम होऊन आला. तू विचारलंस, आता त्या ड्रायव्हरला काय करणार. मी सांगितलं, तो आधी आपल्या हातानं लिहून देईल की माझ्याकडून झालं, आणि मग चहा पिईल. आधी कागद, मग चहा. चहा आधी घेतला की माणूस बसून शब्द शोधायला लागतो. तू ते इतकं मनावर घेतलंस की त्यानंतर घरात कप फुटला तरी फ्रिजला चिठ्ठी लागायची, ‘कप माझ्याकडून फुटला. दीप्ती.’ आईनं त्या चिठ्ठ्या अजून एका डब्यात ठेवल्या आहेत.

तर लतिकाच्या त्या प्रकारानंतर तू दाराजवळच्या खुंटीवरचं माझं कडं मागितलंस. निवृत्तीच्या दिवशी आलमबागच्या वर्कशॉपवाल्यांनी मला ते दिलं होतं. कडं भंगारातलं, पिशवी जुनी, आणि आत खऱ्या गोळ्याच्या जागी जयसिंग मिस्त्रीनं शिसवीच्या लाकडाचा घडवलेला गोळा. मी जरा कुरकुरलो, पण दिलं. तू ते मशीनशेजारी भिंतीला खिळा मारून टांगलंस आणि नियम केलास. ज्याला कोठारात नवं काही ठेवायचं असेल त्यानं कडं उतरवायचं, आपलं काम ठेवायचं, मशीन चालवायचं, सगळी यादी पास झाली की कडं खिळ्यावर परत. खिळा रिकामा असेल तर दुसऱ्यानं थांबायचं. आणि चिप भरायची ती फक्त पास झालेल्या यादीच्या नंबराची, तोच नंबर चिपच्या चिठ्ठीवर. तुमचे मालक लक्ष्मीकांतजी आधी हसले. महिन्याभरात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तेच कडं दाखवायला लागले. वर्षभर एकही गोंधळ झाला नाही आणि नंबर चाळीसपर्यंत आला. मला वाटायचं, सेवेत असताना मी एवढे सिग्नल उभे केले, पण निवृत्तीनंतर माझं खरं काम चिनहटच्या त्या भिंतीवर चालू आहे.

आता सतरा नोव्हेंबर, सोमवार. रेल्वेची तपासणी समिती येणार होती, आणि कड्याचा मालक म्हणून लक्ष्मीकांतजींनी मलाही बोलावलं होतं. आदल्या रविवारी आदेश कारखान्यात गेला. मामासाठी सांगतो, हा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या पाचांतला, एअर फोर्समधल्या साळवींचा मुलगा, मराठी सगळं समजतं आणि उत्तर हिंदीत देतो. लक्ष्मीकांतजींनी त्याला सांगितलं होतं की साहेबलोकांच्या डोळ्यांत भरावं म्हणून पेटीचा दिवा जरा जलद लुकलुकू दे. तो गेला तर खिळा रिकामा. त्याला वाटलं, दीदी काहीतरी करत असणार. दोन तास थांबला, इंदिरा नगरला आपल्याकडे फोन केला, घरी कुणी नव्हतं. मग त्यानं तेच केलं जे छठच्या वेळी सगळ्यांनी केलं होतं. स्वतःच्या कॉम्प्युटरवर प्रत उतरवली, दिव्याचं काम केलं, तिथूनच चिप भरली आणि चिठ्ठी लावली, एक्केचाळीस. सोमवारी सगळं रीतसर कोठारात ठेवू, असा त्याचा विचार होता. सोमवारी त्याला तो वेळ मिळाला नाही. खिळा का रिकामा होता त्याकडे मी येणार आहे, आत्ता पुढे जातो.

यार्डात अकरा गाड्या सोडल्या आणि पेटीनं अकराही चोख मोजल्या. सगळे कारखान्यात परतले. समोसे आले, चहा आला. लक्ष्मीकांतजींनी कडं समितीच्या प्रमुखांच्या हातात दिलं. प्रमुख माझ्यासारखेच जुने सिग्नलवाले, त्यांनी पिशवी उघडून लाकडी गोळा बाहेर काढला आणि लहान मुलासारखे खूश झाले. सह्यांचे तीन कागद टेबलावर मांडले होते, वरच्या कागदावर चिपचा नंबर तेवढा भरायचा होता. चाळीस, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी तू उठलीस, पेटीचं झाकण काढलंस आणि चिठ्ठी वाचलीस. मी तुझा चेहरा बघत होतो. तुझ्या फायलीत यादी चाळीसची आणि चिप एक्केचाळीसची. तुझ्या हातात पेन होतं. कागदावर चाळीस लिहून झाकण लावलं असतंस तर जगात कुणालाही कळलं नसतं. तू टेबलाशी आलीस आणि म्हणालीस, सर, जो बक्सा अभी पास हुआ है, उसका टेस्ट मैंने नहीं किया है, आप इस पर दस्तखत मत कीजिए.

लक्ष्मीकांतजींच्या हातातला समोसा तिथेच राहिला. प्रमुखांनी तेच विचारलं जे कुठल्याही रेल्वेच्या माणसानं पहिल्यांदा विचारलं असतं, टोकन किसके पास था? तू कुणाकडेही पाहिलं नाहीस. म्हणालीस, मेरे चार्ज में था, सर, गलती मेरी है.

कागद परत बॅगेत गेले. पुढची तारीख मार्चनंतर बघू, असं सांगून मंडळी उठली. ज्या कारखान्याकडे विकायला एकच पेटी आहे त्याच्यासाठी ही लहान गोष्ट नव्हती, आणि लक्ष्मीकांतजी वाईट माणूस नाहीत. बुधवारी त्यांनी तुला बोलावून गोड शब्दांत सांगितलं, कुछ दिन घर पर आराम कर लीजिए. तू वाद घातला नाहीस. गुरुवारी मी तुला चारबाग स्टेशनावर गाडीत बसवलं. खिडकीतून तू मला ब्लडप्रेशरची गोळी सकाळचीच घ्या, रात्रीवर ढकलू नका, एवढंच सांगितलंस. गाडी हलली आणि मला तुझ्याशी जे बोलायचं होतं ते माझ्याजवळच राहिलं.

आता बातमी. या सोमवारी दुपारी आदेश घरी आला. हातात तो भोकांचा कागद, गुंडाळलेला. आधी आईच्या पाया पडला, मग माझ्या, आणि मग बसेचना. त्यानं एक्केचाळीस नंबर रीतसर कोठारात ठेवला होता, कडं उतरवून, मशीन चालवून, सगळं तुझ्या नियमानं. दोनशे अकरा गाड्या पास. एक नापास. मी चष्मा लावून वाचलं, ‘१३७, बाबा, फेल.’ एवढ्या सगळ्या काळजीतही आईला हसू फुटलं. पण हसण्यासारखं काही नव्हतं. दिवा जलद लुकलुकवण्याच्या नादात पेटी पापणी लवते तेवढा वेळ दुसरीकडे बघत होती, आणि नेमकं तेव्हाच ते चाक मागे सरकलं. बाहेर गेलं ते मोजलं, परत आत आलं ते मोजलंच नाही. वॅगन लाइनीवर उभी आणि पेटी म्हणते लाइन मोकळी आहे, पुढची गाडी सोडा. यार्डातल्या त्या अकरा गाड्यांत असं थबकणारं चाक एकही नव्हतं. आदेश म्हणाला, अंकल, दीदी न रोकतीं तो ये बक्सा लाइन पर लग जाता. आईनं त्याला जबरदस्तीनं जेवायला बसवलं. तो बाहेरच्या बाहेर भरलेल्या चिपबद्दल लक्ष्मीकांतजींना आधीच सांगून आला होता. चांगला मुलगा आहे. तुझ्या हाताखाली आणखी दोन वर्षं राहिला तर फारच चांगला होईल.

दीप्ती, मला तुझा अभिमान वाटतो. हे वाक्य मी आजवर तुला कधी म्हटलं नाही, कारण आमच्या घरात बाप हे शेजाऱ्यांना सांगतो आणि मुलांना फक्त मार्कांबद्दल विचारतो. मशीन बसवलंस त्याचा अभिमान आहे, तो तर लक्ष्मीकांतजींनाही आहे. मला त्या झाकणाचा अभिमान आहे. बिघडलेली वस्तू थांबवायला कुणीही पुढे होतो. तू पास झालेली वस्तू थांबवलीस, सगळ्यांच्या देखत, हातात पेन असताना, आपलंच नाव पणाला लावून. ती नापास आहे हे तेव्हा तुलाही माहीत नव्हतं. तुला एवढंच माहीत होतं की तू ती तपासलेली नाहीस. मी चौतीस वर्षांत शेकडो तपासण्या केल्या, आणि प्रामाणिकपणे सांगतो, त्या खुर्चीवर मी असतो तर झाकण उघडलं नसतं.

आता खिळा. शनिवारी पंधरा तारखेला मी कारखान्यात आलो तेव्हा तू यार्डात होतीस. कड्याच्या पिशवीची शिवण उसवली होती. मनात आलं, सोमवारी साहेब येणार, रेल्वेचे लोक, ते हे कडं हातात घेऊन बघणार, आणि म्हणतील इनामदारांच्या कड्याची ही दशा. मी ते उतरवलं आणि आलमबागला वर्कशॉपच्या फाटकाबाहेर बसणाऱ्या दीनानाथ मोच्याकडे घेऊन गेलो, कारण अशा पिशव्या शिवणारा हात त्याचाच. खिळ्यावर चिठ्ठी ठेवली नाही, कुणाला सांगितलं नाही. आपली वस्तू न्यायला कुणाला काय सांगायचं? तो म्हणाला उद्या या. रविवारी तू परत यार्डात, आई आणि मी ते आणायला गेलो, तेव्हा आदेशचा फोन रिकाम्या घरात वाजत होता. घरी येऊन मी सवयीनं कडं दाराजवळच्या खुंटीवर छत्रीशेजारी अडकवलं. सोमवारी सकाळी तू निघताना ते पाहिलंस, नव्या पॉलिशचा वास घेतलास, माझ्याकडे एकदा बघितलंस आणि गुपचूप सोबत घेऊन गेलीस. म्हणजे प्रमुखांनी टोकन कुणाकडे होतं असं विचारलं तेव्हा त्या खोलीत खरं उत्तर दोघांना माहीत होतं. एकीनं उभं राहून माझं म्हणून सांगितलं. दुसऱ्यानं चहाचा कप तोंडाला लावला. चौतीस वर्षांत मी एकदाही टोकन पुढे जाऊ दिलं नाही, हे मी प्रत्येक लग्नात मामाला ऐकवलेलं आहे. तेच वाक्य वाचवायला त्या दिवशी मी तुला एकटीला उभं राहू दिलं.

परवा, गुरुवारी, मी न बोलावता समितीच्या कार्यालयात गेलो. घरूनच कागद लिहून नेला होता, माझ्या हातानं, कुठलाही शब्द न शोधता: टोकन दीप्तीकडून नाही, माझ्याकडून पुढे गेलं, विचारलं तेव्हा मी गप्प राहिलो. सोबत आदेशची यादी. प्रमुखांनी दोन्ही वाचलं, लक्ष्मीकांतजींना फोन लावला, आणि मग मला म्हणाले, इनामदारजी, अब चाय पीजिए. फेरतपासणी मार्चनंतर नव्हे, येत्या बावीस तारखेला आहे, आणि त्यांची अट एकच, यादीवर सही दीप्ती इनामदारांची हवी. लक्ष्मीकांतजींचं बोलावणं तुला दोन-चार दिवसांत येईलच. त्यात तुला परत या असं लिहिलेलं असेल. मुळात तुला का जावं लागलं हे त्यात नसेल, आणि ते तुझ्या हातात आधी पडावं, मामा-मामीच्या कानावर माझ्याकडून पडावं, एवढ्यासाठी हे पत्र. त्या कागदाची प्रत सोबत ठेवली आहे. मामाला मोठ्यानं वाचायला सांग, सुहासिनीकाकूंना मी उद्या स्वतः वाचून दाखवणार आहे. तुला पुण्यात चांगलं काम मिळत असेल तर खुशाल तिथे राहा, माझा अभिमान पुण्यापर्यंत पोचतो. पण यायचं ठरवलंस तर कडं खिळ्यावर आहे. मी त्याला हात लावलेला नाही, आणि दाराजवळच्या खुंटीवर आता फक्त छत्री असते.

कागद पुरा करून आता चहाला उठणारा,
तुझाच
बाबा